बेसमेंटमधलं आयरिश

१२ जानेवारी २००८, रेजिना, कॅनडा

उणे चौतीस! ग्वेल्फचा कोर्स सोडला, एडमंटनची नोकरी सोडली – आता हा बेसमेंट सोडून जाणार कुठे?

वर घरमालक कॉलिन. ऐंशीचा, बायको गेल्यापासून एकटाच. सोमवारी त्याने वाडगाभर स्ट्यू दिला. आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून मी त्यात पोहे घालून दिले. त्याने केक घालून पाठवला. मी शिरा. त्याने परत स्ट्यू! थांबायचं कुणी?

१९ जानेवारी

कॉलिन म्हणाला, "सॉरी निमिष, रूम पुतण्याला हवीय. आयरिश शिकणारा कुणी असता तर ठेवला असता."

"शिकतो की!" – तोंडातून निघूनच गेलं.

"मार्चमध्ये परीक्षा. पास झालास तर राहा."

२० जानेवारी

धडा पहिला. ग्रेहा – म्हणजे घरातल्या कपबश्या, ताटल्या, सगळं. शब्द कायम अनेकवचनी. मी एक बशी उचलली – ही? "नो." शेजारी कप ठेवला. "नाऊ यू आर टॉकिंग!" शब्द मुळात नॉर्वेच्या बोटींतून आला म्हणे. मग नॉर्वे शोधायला नकाशा काढला, नकाशावरून तो ट्रक चालवायचा तेव्हाचे किस्से… दोन तास गेले.

३ फेब्रुवारी

ग्रेहा धुताना एक विभक्ती, पुसताना दुसरी. फुटली की तिसरी – ती टोपी काढून म्हणायची! चुकलो की कॉलिन काठी आपटतो. अख्खी वही भरली. एवढा अभ्यास ग्वेल्फमध्ये केला असता तर!

२ मार्च

कॉलिनची मुलगी तान्या आली. मी ऐटीत टोपी काढून तिसरी विभक्ती म्हटली. तिने मला किचनमध्ये ओढलं – "डॅड इथल्याच मूस जॉ गावचा आहे. त्याला आयरिश येत नाही! मॉमला यायचं. तिचा हा एकच शब्द त्याच्या लक्षात राहिला. तो अनेकवचनी असतो, एवढं खरं. बाकीचं सगळं तो ब्रेकफास्ट झाला की बसून रचतो."

"आणि पुतण्या?"

"कुठला पुतण्या?"

३ मार्च

परीक्षा. कॉलिनने चौथी विभक्ती विचारली. ती कधी शिकवलीच नव्हती. मी एक रचली, ठोकून दिली.

तो दचकला. मग काठी आपटली.

"चूक! पुढच्या मार्चमध्ये परत बस."