चाळीसला दोन कमी

तात्या, गेल्या दीड वर्षात मी चार वेळा इंदापूरहून बारामतीला गेले, आणि चारही वेळा एसटीत बसल्यावर मनातल्या मनात तुमच्याशी भांडले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे भांडण एकतर्फीच. आता तेही करायचा कंटाळा आलाय. म्हटलं, कागदावर लिहून टाकावं.

तुम्ही तहसीलच्या फाटकाबाहेर टेबल टाकून अर्ज लिहीत बसायचात, तिथे आता झेरॉक्सचं दुकान आहे. तिथून जाताना मला अजून तुम्ही दिसता, नाकावर घसरलेला चष्मा आणि मांडीवर कागदांचा गठ्ठा. कुणाचा हात मशीनमध्ये गेलेला, कुणाच्या पोराला दिसत नाही, अशी माणसं येतात आणि तुम्ही त्यांना अपंगांच्या पेन्शनचा अर्ज लिहून देता. प्रत्येक अर्जात तुमचं एक ठरलेलं वाक्य असतं: अर्जदारास दैनंदिन कामे दुसऱ्याच्या मदतीशिवाय करता येत नाहीत. काय वळणदार अक्षर होतं तुमचं. मी डबा घेऊन यायचे आणि शेजारी बसून ते वाचायचे. माझा डावा पाय पोलिओने वाळलेला, तरी ते वाक्य माझ्यासाठीही असू शकतं असं मला कधी वाटलं नाही. तुम्हीच वाटू दिलं नाही.

सातवीत असेन. ऊन होतं, मी दमले होते, डबा घेऊन लंगडत येत होते. तुम्ही चार माणसांसमोर, लिहिता लिहिता म्हणालात, "पाय नीट टाक. लोकं बघत्यात." दोन दिवसांनी मला स्टँडजवळच्या चपला शिवणाऱ्याकडे नेलंत, डाव्या चपलेला टायरच्या रबराचा जाड थर लावून घेतलात, आणि तो मनासारखा बसेपर्यंत तासभर उभे राहिलात. दोन्ही पाय एका उंचीवर आले. "आता कुणाला कळायचं न्हाय," म्हणालात. इतके खूश तुम्ही माझ्या दहावीच्या निकालालाही नव्हता. मीही खूश होते, खोटं कशाला सांगू. कमरेला एक हिसका देऊन सरळ चालायचं तेव्हाच शिकले. पुढे चपला बदलल्या, पण थर तसाच लावून घेत गेले. डाळिंबाच्या पॅकिंग शेडवर अठरा वर्षं उभं राहून फळं निवडली आणि कुणाला काही कळलं नाही. कमरेला मात्र सगळं कळत होतं.

दोन वर्षांपूर्वी ती कंबरच बसली. शेडचं काम सुटलं. आई गेल्यापासून घरात मी एकटीच, तेव्हा पेन्शन मिळाली तरच चूल पेटायची, अशी गत आहे. आणि पेन्शनला निदान चाळीस टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. तर बारामतीच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला मी कशी गेले माहीत आहे? इस्त्रीची साडी, घट्ट वेणी, पायात ती जाड चप्पल. काठी बाहेर बाकाखाली ठेवली. तुमची लेक ना. डॉक्टर म्हणाले, चालून दाखवा. चालले. मांडी घालता येते? येते. घरकाम कोण करतं? सगळं मीच करते. चप्पल काढायला कुणी सांगितलं नाही आणि मीही काढली नाही. अडतीस टक्के आले. पेन्शनचा अर्ज परत आला.

कोर्टात बायकांना आणि अपंगांना फुकट वकील मिळतो, हे शेडवरच्या एका बाईने सांगितलं. मिळाली ती माझ्या निम्म्या वयाची मुलगी, सुप्याची. तिने आधी सर्टिफिकेट पाहिलं, मग माझा पाय पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"ताई, तुमी तितं परीक्षा द्यायला गेलता व्हय? पास व्हायचं न्हवतं. तरास सांगायचा व्हता."

"तशी सवय न्हाय मला."

"मग आता लावा. पाणी कोण भरतं?"

"मीच."

"कसं?"

एका कळशीला चार वेळा भिंत धरते, आणि सगळं पाणी भरून झालं की तासभर आडवी पडते, असं मी सांगितलं.

"मग भिंत सांगा की. ती का लपवताय?"

दीड तास ती विचारत राहिली आणि मी एकेक सांगत गेले. फेरतपासणीच्या अर्जात तिने शेवटी जे लिहिलं, ते तुमचंच वाक्य होतं, कॉम्प्युटरवर टाइप केलेलं. सही करताना माझा हात थांबला. गावोगावच्या माणसांसाठी तुम्ही ते लिहिलंत. माझ्यासाठी लिहिणं तुम्हाला दहा मिनिटांचं काम होतं. मला राग आला, तात्या. तुमची माया कळत होती, तरी आला.

फेरतपासणीची तारीख दोनदा पुढे गेली. परवा अखेर नंबर लागला. समोर तीन डॉक्टर, दार सताड उघडं, बाहेर रांग. घरी चालता तशाच चाला, असं वकील मुलीने बजावलं होतं आणि मीही तेच ठरवून आत गेले. पण "चाला" म्हटल्याबरोबर कमरेने आपणहून हिसका दिला. पाय सरळ पडला. भिंतीपर्यंत जाऊन वळले तर डॉक्टरांनी पेन उचललेलं. पुन्हा अडतीसच येणार हे मला दिसत होतं.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. "मी अशी चालत न्हाय."

चप्पल काढली. डावा हात गुडघ्यावर दाबला, उजवा भिंतीला लावला आणि चालले. सकाळी उठल्यावर मोरीपर्यंत जाते तशी, दर पावलाला वाकत. दारातली माणसं बघत होती. डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळी हे का दाखवलं नाही?"

"वडलांनी शिकवलं न्हवतं," मी म्हटलं.

ते बराच वेळ लिहीत होते. निकाल अजून यायचा आहे. वकील मुलगी म्हणते, मिळंल. मला आता आशा धरायचंही त्राण नाही, पण वाट बघते आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. तुम्ही गेल्यापासून असा दिवस नाही, की तुम्ही असायला हवे होतात असं वाटलं नाही. पण परवा त्या खोलीतून लंगडत बाहेर आले, रांगेतली तोंडं पाहिली, आणि त्यात तुम्ही नाही याचं मला बरं वाटलं.