सूनबाईचा गोरा रंग

ज्ञानूच्या आईस,

देवळातून आलीस की घर मोकळं दिसेल. चुलीपाशी अंजनाला भोवळ आली, म्हणून गाडी जुंपून तिला सांगलीच्या दवाखान्यात नेतो आहे. गावातल्या डॉक्टरांनी तिची पापणी ओढून पाहिली. म्हणाले, "अंगात रक्तच नाही. घरी बाळंत होताना आणखी गेलं, तर पोर हाती लागायची नाही."

डोहाळजेवणाला मनुबाई म्हणाली होती, "आवं वयनी, सून लय गोरी झालीया की!" आणि तू कौतुकानं दृष्ट काढलीस. तो गोरेपणा म्हणजे आटलेलं रक्त, असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांना रूप कळत नाही.

मागं दिलेलं लोहाचं औषध संपलं का, असं त्यांनी विचारलं. संपलं म्हणालो. काळ्या औषधानं नातू काळा निपजेल म्हणून तू ते रोज तुळशीला घातलंस, हे काही बोललो नाही.

सुईणीला येऊ नको म्हणावं. जुनी लुगडी धुऊन पाठव. ज्ञानूला पलटणीत इतक्यात काही कळवू नकोस. काय कळवायचं ते अजून ठरायचं आहे.

म्हशीला पाणी दाखव. तुळशीची मात्र काळजी नको. यंदा घरात तिचीच तब्येत काय ती चांगली आहे.