जिना उतरत येणारं दुखणं

दि. ४ फेब्रुवारी
चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.
वि. वि. माझ्या मागच्या पत्रातल्या चुका लाल शाईने सुधारून परत पाठवल्यास, धन्य आहेस मास्तरीणबाई! स्टेंट बसवून साडेचार महिने झाले. दोन महिने कामावर जातोय. बारा मजली इमारतीची लिफ्ट अजून माझ्याकडेच आहे. दुरुस्तीला ती बंद ठेवावी लागते, म्हणजे वरच्या मशीनच्या खोलीपर्यंत जिनाच. सुरुवातीला एका दमात चढलो. गेल्या आठवड्यात मात्र नवव्या मजल्यावर छातीत आवळलं, तेच जुनं. काल सातव्यावर. घाबरू नकोस. नवा पार्ट थोडे दिवस कुरकुरतो, मग नीट बसतो. तीस वर्षं हेच बघतोय. फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्या वहिनीचे कान फार तिखट. तिला कळता कामा नये, माझी शपथ आहे तुला.
तुझी लाल शाई सहन करणारा,
दादा

दि. १२ फेब्रुवारी
ती. दादास सा. न. वि. वि.
अरे, तू माणूस आहेस, लिफ्ट नाहीस! आमच्या विज्ञानाच्या बाईंचा भाऊ हृदयाचा डॉक्टर आहे. तुझं नाव न घेता त्यांना विचारलं. ते म्हणाले, काहींच्या बाबतीत आतली जखम भरताना जरा जास्तच भरते आणि स्टेंटच्या आतच रक्तवाहिनी पुन्हा अरुंद होते. बहुधा पहिल्या सहा-आठ महिन्यांतच. ती पुन्हा उघडता येते, पण वेळेवर गेलं तर. तेव्हा उद्याच्या उद्या जा.
आणि शपथा घालू नकोस रे मला. या आठवड्यात दोनदा बाबा वर्गाच्या दारात दिसले. एक हात चौकटीवर, चेहरा हसरा. मी गणित सोडवत होते, पुढची पायरी काही केल्या आठवेना. मुली कुजबुजायला लागल्या.
माया पातळ करू नकोस.
धाकटी

दि. २० फेब्रुवारी
चि. धाकटीस आशीर्वाद.
वि. वि. जाऊन चाळीस वर्षं झालेले बाबा दिसतात? चष्म्याचा नंबर तपासून घे.
आता पाचव्यावर आवळतं. लिफ्ट जिथे अडते तिथे आम्ही भिंतीवर खडूने खूण करतो, तशाच जिन्यात केल्या आहेत. नऊ, सात, पाच. काल खाली उभा राहून वर बघत होतो. मी चढतोय आणि ते एकेक मजला उतरत माझ्याकडे येतंय असं वाटलं. चेष्टा बाजूला ठेवतो, भीती वाटली. पण डॉक्टरकडे गेलो तर हिला कळणार. मागच्या खेपेला तीन आठवडे तिला अन्न गोड लागलं नव्हतं. पुढच्या महिन्यात बघू. शपथेचं लक्षात ठेव.
भित्रा दादा

दि. २६ फेब्रुवारी
ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.
तीनदा फोन केला, तिन्हीदा दादानेच उचलला. म्हणून हे कुरिअरने पाठवतेय, त्याची शपथ मोडून. त्याच्या छातीत पुन्हा दुखतंय, महिनाभर झाला. पत्र मिळेल त्या क्षणी त्याला दवाखान्यात ने.
मी पंधरा वर्षांची असताना बाबांनी मला अशीच शपथ घातली होती. छातीत दुखतं, पण आईला सांगू नकोस म्हणाले. मी नाही सांगितलं. एकवीस दिवसांनी बाबा गेले. आई जाईपर्यंत मी तिला हे सांगू शकले नाही, दादालाही नाही. वहिनी, पुन्हा तेच नाही गं झेपायचं मला.
तुझीच,
धाकटी

दि. ३ मार्च
प्रिय वन्संस स. न. वि. वि.
तुमचं पत्र दारातच उभ्याने वाचलं आणि यांना तसंच नेलं. शर्टाला इस्त्री करून निघू म्हणाले. मी हात धरून बाहेर काढलं. स्टेंटच्या आतली वाट जवळजवळ बंद झाली होती. फुग्याने उघडून आत औषधाचा दुसरा स्टेंट बसवला. आता बरे आहेत, चहावरून नर्सशी वाद घालताहेत.
वन्सं, मला माहीत होतं हो. घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्टवाल्याच्याच इमारतीला लिफ्ट नाही! हे कामावरून दमून येताना जिन्यात थांबतात आणि मजेत आहोत असं वाटावं म्हणून शीळ घालतात. जानेवारीच्या शेवटापासून ती शीळ मध्येच तुटायला लागली. रोज संध्याकाळी ओट्याशी उभी राहून मी ऐकायची. आज सांगतील, उद्या सांगतील. तुमचं पत्र आलं नसतं तर अजून ऐकतच राहिले असते.
तुमची,
वहिनी

दि. १९ मार्च
चि. धाकटीस आशीर्वाद.
वि. वि. शपथ मोडलीस म्हणून तुझ्याशी भांडायला बसलो होतो. दोन कागद लिहून फाडले. मग हिने तुझं पत्र पुढ्यात ठेवलं. बाबा अचानक गेले असंच मी आजवर समजत होतो. चाळीस वर्षं तू एकटीने हे उरावर घेतलंस, आणि मी गाढवाने तेच पुन्हा तुझ्या गळ्यात घातलं. पंधरा वर्षांच्या पोरीची काय चूक गं? बाबांची होती. आता माझी. जमलं तर माफ कर.
डॉक्टर म्हणतात, पुन्हा अरुंद होणारच नाही असं कुणी लिहून देत नाही.
दादा

ता. क. हे पत्र टाकायला निघालो. पाकीट घरीच राहिलं म्हणून मागे फिरलो, तर पहिल्याच मजल्यावर आवळलं. तिथूनच हिला हाक मारली, अख्ख्या इमारतीने ऐकली. शेजारच्यांनी जिन्यातच खुर्ची आणून बसवलंय. डॉक्टरांना कळवलंय, गाडी येतेय. ही चपला घालून माझ्या शेजारी उभी आहे. शपथ कुणालाच घातलेली नाही.