सोफ्यावरचा कप्तान

अजमान, बुधवार, १३ मे

चि. तनिष,

बरा असशील. अबुधाबीत वेळेवर जेवतोस की सँडविचवरच दिवस ढकलतोस? आम्ही इथे ठीक. फोन सोडून पत्र का, म्हणशील. आपल्या एवढ्याशा घरात फोनवरचा शब्द न् शब्द ऐकू जातो, आणि बाबा हल्ली दिवसभर घरीच असतात. शेजारची रशीदाभाभी उद्या लेकीकडे तिकडे येतेय, तिच्याबरोबर हे पाकीट आणि कुळथाचं पीठ पाठवतेय.

बाबांना नवीन वेड लागलंय. ज्या कार्टूनवरून तुमचं वाजलं, तेच पहिल्या भागापासून बघतायत. शुक्रवारी दुपारी जेवून तुम्ही दोघं ती अंतराळातली मालिका बघायचात ना, तिची नक्कल त्यात कुठे आली की मला ओट्यावरून ओढून नेतात. परवा कार्टूनमधल्या शेजारणीने वॉशिंग मशीन सुरू करताना तुमच्या त्या मालिकेतल्या कप्तानासारखाच हात उचलला. ते यांनी मला पुन्हा पुन्हा दाखवलं. इकडे माझी भाजी करपली. मी म्हटलं, मला काय डोंबल कळतंय त्यातलं? तर म्हणाले, "तनिषला लगेच कळलं असतं." मग उगाच रिमोट पुसत बसले.

ईदच्या सुट्टीत तू तो भाग लावलास. जहाज काढून घेतलेला कप्तान कार्टूनवाल्यांच्या सोफ्यावर लोळतो, पोट खाजवतो आणि फ्रिजला हुकूम सोडतो. तू पोट धरधरून हसलास. यांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "माझ्या घरात बसून मला हसायचं नाही." तू "इट्स जस्ट अ कार्टून, बाबा" म्हणालास आणि गाडीची चावी उचलून निघून गेलास. मलाही तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

अरे, सुट्टीच्या आदल्या दिवशीच कंपनीने त्यांना सांगितलं होतं, नोकरी खलास. मला तू गेल्यावर कळलं. आता नोटीसही संपली, व्हिसा रद्द झाला. एकतीस तारखेला आम्ही रत्नागिरीला जातोय, कायमचे. मला शपथ घातलीय, तनिषला यातलं काही बोलायचं नाही. गावी पोचल्यावर, कंटाळा आला म्हणून आलो, असं कळवणार म्हणे. तू आम्हाला तुझ्या व्हिसावर ठेवून घेशील हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर गप्प आहेत. मुलाच्या व्हिसावर राहायचं म्हटलं की यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

मला तुमचा दोघांचाही राग येतो. बापलेक सारखेच हट्टी. पण तुला न भेटता, असं चोरासारखं इथून जायचं माझ्या जिवावर आलंय रे. मला रडू येतं.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाने सुटलास की ये. आधी फोन करू नकोस, नको म्हणतील. आल्या आल्या व्हिसाचं काढू नकोस. त्यांनी शोधून ठेवलेल्या नकला बघ, त्यांच्याबरोबर हस. मग ते आपणहून सांगतील. नाहीच सांगितलं, तर तू विचार. माझं नाव घेतलंस तरी चालेल.

शपथ त्यांच्या बायकोने घेतली होती. पत्र लिहिणारी,

तुझी आई