'आयडा'चा वादळी विमा

गोराई,
ऑक्टोबर १९७४

प्रिय जॉनी यास,

तुझ्या युस्टेस मेहुण्याचा मनापासून नमस्कार, आणि एथेलला खास वेगळा. तिची कंबर आता वाकते का? तुझा खोकला गेला का? (मुलुंडच्या कचऱ्याचा धूर तुझ्या घरापर्यंत येत नाही असं तू म्हणतोस, पण मग खोकतोस कशाला?) इथे ज्युलिया बरी आहे, तुझी मम्मी माझ्याहूनही बरी आहे, आणि मी कोणाच्या बापाला घाबरत नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहितोय, कारण तुझ्या कानावर भलतंच काहीतरी गेलं असणार.

युस्टेसने होडी घेतली आणि वादळात फोडली, असं गाव म्हणतं. घेतली हे खरं. फोडली ती विमा कंपनीने. साकीनाक्याला वर्कशॉपमध्ये जायचं तर आधी बोरिवलीच्या काठाला लागायला हवं, आणि त्यासाठी रोज फेरीबोटीत कोंबड्यांच्या टोपल्यांना खेटून उभं राहायचं. आम्ही मरोळचे, शेतातले; पाण्याची ओळख भाताच्या खाचरापुरती. पण घरजावई म्हणून इथे सगळ्यांनी मला पोटभर हसून घेतलंय. म्हटलं, स्वतःच्या होडीतून खाडी ओलांडूनच दाखवतो! फादरनी होडीवर पवित्र पाणी शिंपडलं आणि मी तिला मम्मीचं नाव दिलं, 'आयडा'. (ज्युलिया म्हणाली, ही चापलुसी आहे. असेल. पण त्या रात्री माझ्या पानात बोंबील जास्त होते.)

आता वस्तू घेतली की विमा हवा, निदान वादळाचा तरी. फोर्टातल्या एका कंपनीत गेलो. साहेबाने विचारलं, "मासे पकडता?" नाही. "भाडं घेता?" नाही. "मग होडी कशाला?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही टाय कशाला बांधता?" त्यावर त्याने होडी तपासायला मार्तंड नावाचा इन्स्पेक्टर पाठवला. तो थेट घरी आला, आणि ओट्यावर वाटाणे सोलत बसलेल्या मम्मीलाच म्हणाला, "आयडा किती जुनी आहे? तिला पालथी करा, बूड बघायचंय." मम्मीने मांडीवरचं पाखडायचं सूप वाटाण्यांसकट त्याच्या डोक्यात घातलं. मी मध्ये पडलो म्हणून तो वाचला, आणि बहुतेक त्याच उपकाराखाली त्याने होडी पास केली. पॉलिसीत अट एकच: रेडिओवर वादळाची सूचना आली की होडी पाण्याबाहेर काढून सुरक्षित जागी ठेवायची.

सूचना आली. मी अट पाळली. अर्धा गाव जमवून, त्यांचं हसणं ऐकत, 'आयडा' ओढत आपल्या अंगणात आणली. कोळी सांगत होते, "अरे युस्टेस, खाडीत आत नेऊन बांध, काय होत नाय." मी पॉलिसीचा कागद हवेत हलवून दाखवला. वादळ आलं, आणि अंगणातला नारळ मुळासकट थेट 'आयडा'वर पडला. एक कूस पार फुटली. खाडीत बांधलेल्या बाकीच्या होड्या नुसत्या डुलल्या, जॉनी! नुसत्या डुलल्या!

परत फोर्टात. साहेब म्हणतो, "ही पॉलिसी पाण्यातल्या होडीची आहे. तुमची अंगणात होती."

"तुमच्याच अटीने होती!"

"अट पाळलीत, फार चांगलं केलंत."

"मग अंगणातली होडी म्हणजे तुमच्या मते काय?"

"लाकूड," तो म्हणाला, आणि चहा मागवला.

मी भांडलो नाही. दुसऱ्या दिवशी 'आयडा'ची सगळ्यात मोठी फुटकी फळी, शिंपल्यांसकट, खांद्यावर घेतली, फोर्टापर्यंत नेली आणि त्याच्या टेबलावर आडवी ठेवली. म्हटलं, "हे तुमचं लाकूड. सांभाळा." त्याच्या चहाचा कप खाली गेला, सगळं ऑफिस उभं राहिलं, आणि मागून कोणीतरी टाळी वाजवली. मी मागे वळून न बघता निघालो. ज्युलियाला सांगितलं तेव्हा ती लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने बघत राहिली. त्या बघण्याचा विमा कुठली कंपनी उतरवते, सांग!

मग वर्कशॉपमधून पत्रा आणून मीच कूस सांधली. अर्धी 'आयडा' आता लोखंडी आहे. मम्मी म्हणते, आत्ता खरी माझ्यासारखी दिसते. येत्या रविवारी मिस्सानंतर मी खाडी ओलांडणार, सगळ्या गावासमोर, विम्याशिवाय. वादळ येवो, नारळ पडो, ती कंपनी बुडो!

तुझा,
युस्टेस

ता. क. : आजवर मी 'आयडा' हाकली ती दोरी बांधून. दोरीचं दुसरं टोक काठावर ज्युलियाच्या हातात असे. गावाला हे ठाऊक आहे. तुला ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिलं.

आणखी एक ता. क. : रविवारी दोरी नाही. मम्मीने ठरवलंय की होडीला नाव तिचं आहे, तेव्हा पुढच्या फळीवर तीच बसणार. नवी साडी काढलीय, छत्री काढलीय, आता ती माघार घेत नाही आणि तिच्यासमोर मलाही घेता येत नाही. म्हणून शनिवारीच ये. होडीत एकाला तरी पोहता यायला हवं, आणि मम्मीला येत नाही.