जांभळ्या सालीचे दाणे

भडगाव, २८ नोव्हेंबर २०२४

चि. मेघास आबांचे अनेक आशीर्वाद.

जबडा तारेने बांधलाय, फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितो. तू धुळ्याच्या प्रयोगशाळेतून दिलेला जांभळा भुईमूग छान पिकला. शनिवारी दाणे घेऊन बाजारात बसलो. तीस वर्षे शेजारी बसणारा वना आधी किलोभर घेऊन गेला होता. त्याच्या नातीला उलट्या झाल्या, आणि घरी भिजवलेल्या दाण्यांचे पाणी लाल निघाले. हाऊ बठ्ठा रंग शे, सगळा वरून लावलेला रंग, असे ओरडत त्याने तराजूची दांडी माझ्या तोंडावर हाणली. मग दहा-बारा जण तुटून पडले. खाली पाडून लाथा घातल्या. मी रक्त थुंकलो, तर हाही रंगच म्हणून एक जण हसला. तुझी आई माझ्यावर आडवी पडली. तिच्या मनगटावर कुणीतरी बुटानिशी उभा राहिला. हाड मोडले.

रागावू नकोस, पण खरे सांग. बियाण्याला काही लावले होतेस का?

तुझा,
आबा

धुळे, २ डिसेंबर

ती. आबांस सा. न. वि. वि.

काहीही लावले नव्हते. जांभळाला रंग देणारे अँथोसायनिन या सालीतही असते. शरीराला जपणारी अँटिऑक्सिडंट द्रव्ये आमच्या तपासणीत गडद सालीत जास्त निघाली, म्हणून तर सालीसकट खा म्हणत होते. पाणी लाल होते हे मला ठाऊक होते, आबा. तेवढेच सांगायचे राहिले.

मारहाणीचा व्हिडिओ पाहिला. आईची किंकाळी ऐकून हातातली काचनळी मुठीतच फुटली. वनाकाकाचे तोंड फोडावेसे वाटते. त्याऐवजी एवढे करा. दाणे भिजवलेले ते पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात लिंबू पिळा, आणखी लाल होईल. दुसऱ्यात खायचा सोडा टाका, निळसर हिरवे होईल. सालीचा रंग असा पालटतो, भेसळीचा सहसा पालटत नाही.

आईला जपा. माया असू द्या.

आपली,
मेघा

भडगाव, ११ डिसेंबर

चि. मेघास आशीर्वाद.

शनिवारी तुझी आई प्लास्टर घातलेल्या हाताने त्याच जागी बसली आणि दोन्ही पेल्यांतला रंग सर्वांसमोर पालटून दाखवला. लाथा घालणारे दोघे निघून गेले. नातीच्या उलट्या दूषित पाण्याने झाल्या, असे डॉक्टरांनी वनाला सांगितले आहे. पोरगी आता बरी आहे.

वना घरी येऊन रडला. पोलिसांतली तक्रार मागे घ्या, मला रंगाचे काय माहीत, म्हणाला. गावही तेच म्हणते.

माहीत तर मलाही नव्हते, मेघा. मी तुला विचारले. त्याने दांडी उचलली. तक्रार राहील.

हाताची जखम कोरडी ठेव. आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझा,
आबा