पुढून, मागून की कुशीतून?

४ ऑगस्ट
रोजनिशी सुरू करायची असं जानेवारीपासून घोकतोय. आधी पेन मिळत नव्हतं. मिळालं, तर मूड नव्हता. आज मात्र विषयच असा आलाय की टाळता येत नाही. आईच्या कमरेचा शेवटचा मणका पुढे सरकलाय. तो खालच्या हाडाला स्क्रूने जोडायचा. एक डॉक्टर म्हणतात पाठीतून जाऊ, दुसरे म्हणतात पोटातून. डावा पाय बधिर होत चाललाय, लवकर ठरवा, असं मात्र दोघंही म्हणतात. मी जाहीर केलं, माझा तुलनात्मक अभ्यास होईपर्यंत कुणी सही करायची नाही. ताईने विचारलं, तू बायोलॉजीत नापास झाला होतास ना रे? म्हटलं, म्हणूनच माझं मन कोरं आहे.

७ ऑगस्ट, सकाळ
अभ्यास जोरात. पाठीतून: स्नायू सोडवावे लागतात, नसा अगदी शेजारी. पोटातून: पाठीचे स्नायू वाचतात, पण मोठ्या रक्तवाहिन्या सरकवाव्या लागतात.
दुपार: व्हिडिओ आपोआप पुढे गेला. दोन माणसं जंगलात नुसत्या हातांनी स्विमिंग पूल खणत होती. अर्धवट कसं सोडणार?

१० ऑगस्ट
शोध लागला! तिसरा मार्ग आहे. कुशीतून! छोटी चीर, रक्तस्राव कमी. दोन्ही डॉक्टरांनी हा सांगितलाच नव्हता. गॅरेजवाल्या मित्राचं मत घेतलं. तो म्हणाला, कुठूनही हात घाल, वायर तुटली की बोंब. नोंद घेतली. आईच्या पायातली चप्पल वाटेत निसटते, तिला पत्ताच नसतो. ठरलं का रे, म्हणून विचारत होती. धीर दिला: घाई नको.

१३ ऑगस्ट
पाठीतून म्हणणाऱ्या सर्जनसमोर कुशीचा मार्ग मांडला. छान बोललो. त्यांनी शांतपणे एक्स-रेवर बोट ठेवलं. म्हणाले, वरच्या मणक्यांना हे चालतं; हा सगळ्यात खालचा. बाजूने आलं की कमरेचं हाड आडवं येतं. आईला हसू आलं, हसण्याने कळ आली, आणि ताई माझ्यावरच डाफरली. माझ्या मते हाडाचा बाऊ केला जातोय.

१४ ऑगस्ट
दुसऱ्या गावी शाळेतल्या एका मित्राकडे आलो. तो मणक्याचे स्क्रू बनवणाऱ्या कंपनीत आहे. आतली माहिती काढायची, उद्या निर्णय घेऊन परत.

१९ ऑगस्ट
मित्र तिथे खोकी पॅक करतो. पण त्याच्याकडे बाइक आहे आणि जवळच धबधबा. डोकं मोकळं असलं की विचार नीट होतो.

२२ ऑगस्ट
ताईचा फोन. आईने काल स्वतःच सही केली. पाठीतून. आज ऑपरेशन झालंसुद्धा. डॉक्टरांना म्हणाली म्हणे, पोरगा वाट शोधतोय, तोवर माझा पाय जायचा. डाव्या पायाची बोटं हलली. ताई म्हणाली, ये आता. म्हटलं, आलो तर माझी तटस्थता जाईल. तिने फोन आपटला. बोटं हलल्याचं मित्राला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, कळलं रे, जा ना मग.

१० सप्टेंबर
घरचे फोन घेत नाही. अभ्यासात खंड पडतो. आता रिकाम्या हाताने जाणं बरं दिसणार नाही. अहवाल घेऊनच जाईन.

१२ ऑक्टोबर, दुपार
आज अहवाल नक्की. मथळा झाला. जिन्यात कुणीतरी एकेक पायरी थांबत थांबत चढतंय. मित्र खालून ओरडतोय, अरे, हात दे त्यांना! आई आलीय. कमरेला पट्टा, मागे वैतागलेली ताई. आई दारातूनच विचारतेय, फोन उचलत नाहीस, तुला काही झालंबिलं तर नाही ना रे?